आतषबाजी नक्की कुठून बघायची?

एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या परंपरेत मी वाढलोय. त्यामुळे २०२४च्या मे महिन्यात आईला घेऊन फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला गेलो तेव्हा रात्रीच्या आतषबाजीसाठी मोक्याची जागा पकडणं ही माझ्या दृष्टीने प्रतिष्ठेची बाब होती. मॅजिक किंगडममध्ये सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोर एक मोठा गोल चौक आहे, त्याला हब म्हणतात. दोन तास आधी तिथे जाऊन बसलो. बायको आणि मुलगा बाकीच्या राइड्स करत होते, मी आणि आई राखणदार. जवळ डबा, पाण्याची बाटली, आईची शाल. जागा इतकी पुढची की मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शो सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी पुढचे सगळे उभे राहिले. मग आम्हीही उभे राहिलो. आईची उंची पाच फुटांपेक्षा जरा कमी आणि गुडघे सत्तर वर्षांचे. पुढच्या बाबाने मुलीला खांद्यावर घेतलं, त्याच्या बाजूच्याने मोबाईल डोक्यावर धरला. उरलेल्या फटीत एक झाड होतं. ते झाड दोन तास तिथेच होतं, पण दिवसाउजेडी मी किल्ल्याकडे बघत होतो, आकाशाकडे नाही. बरंचसं दारूकाम किल्ल्याच्या मागून उडतं, म्हणजे इतक्या पुढून अर्ध्या गोष्टी किल्ल्याआड जाणार, हा हिशोबही डोक्यात आला नव्हता. चूक सर्वस्वी माझी. आईने "छान होतं हो" म्हटलं. ते कशा सुरात म्हटलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

पण खरी गंमत (गंमत कसली, पोटात गोळाच) त्यानंतर आली. शो संपला आणि अख्खा चौक एकाच रस्त्याने, एकाच दिशेने निघाला. काही वाईट झालं नाही, लोक शांतपणे चालत होते. पण पाच-सात मिनिटं अशी होती की मी ठरवीन तिकडे पाय जात नव्हता. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. त्या रात्री झोप येईना म्हणून वाचायला लागलो: लोक आतषबाजी बघायला नेमके कुठे उभे राहत आले आहेत? पुढचे कित्येक वीकेंड त्यात गेले. हा लेख म्हणजे त्याचं फलित.

तर सुरुवात राजांपासून करू. युरोपात सतराव्या शतकात मोठी आतषबाजी म्हणजे दरबारी मामला. चौदाव्या लुईने १८ जुलै १६६८ रोजी व्हर्सायच्या बागेत मोठा जलसा केला, त्याच्या शेवटी आतषबाजी होती. १६७४च्या उत्सवातही कालव्यावर रोषणाई आणि दारूकाम झालं. आता व्हर्सायची बाग डोळ्यांसमोर आणा. महालाच्या मधोमध एक सरळ रेषा, त्या रेषेवर कारंजी, त्याच रेषेवर लांबच लांब कालवा. त्या काळच्या नाटकांच्या पडद्यांचंही असंच असे. खोलीचा आभास देणारी चित्रं काढायची, आणि तो आभास पूर्णपणे खरा वाटेल अशी जागा प्रेक्षागृहात जवळपास एकच. तिथे राजाची खुर्ची. बाकीच्यांना चित्र थोडं तिरकं दिसणार, आणि त्यावरून आपण राजापासून किती लांब आहोत ते प्रत्येकाला बसल्या जागी कळणार. म्हणजे 'मोक्याची जागा' ही कल्पनाच मुळात एका माणसासाठी जन्माला आली. आपण उरलेले सगळे तिच्यासाठी धक्काबुक्की करतोय.

पुढचा मुक्काम लंडन, १७४९. आदल्या वर्षी ए-ला-शापेलचा तह होऊन युरोपातलं एक मोठं युद्ध संपलं होतं. (याच तहाने फ्रेंचांनी घेतलेलं मद्रास इंग्रजांना परत मिळालं. म्हणजे आपला संबंध अगदीच नाही असं नाही.) त्याचा आनंदोत्सव म्हणून ग्रीन पार्कमध्ये २७ एप्रिल १७४९ ला आतषबाजी ठरली. सेर्वांदोनी नावाच्या प्रसिद्ध नेपथ्यकाराने लाकडाचं एक भलंमोठं मंदिर उभारलं, लांबी ४०० फुटांहून जास्त, उंची १०० फुटांहून जास्त. संगीत हॅन्डेलचं. बड्या लोकांसाठी वेगळा सज्जा, बाकीची जनता मोकळ्या मैदानात.

पण मला जास्त भावली ती सहा दिवस आधीची गोष्ट. २१ एप्रिलला व्हॉक्सहॉल गार्डन्समध्ये त्या संगीताची जाहीर तालीम झाली. व्हॉक्सहॉल म्हणजे तिकीट काढून आत जायची, दिवे, संगीत, खाणंपिणं असलेली बाग. आजच्या थीम पार्कची पणजीच म्हणा ना. तिकीट अर्धा क्राउन, आणि गर्दी म्हणे १२ हजारांच्या वर. हा आकडा फुगवलेला असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे. पण गर्दी प्रचंड होती यात शंका नाही, कारण लंडन ब्रिजवर घोडागाड्यांचा तीन तास खोळंबा झाला. शहरात थेम्सवर तेव्हा तो एकच पूल होता, वेस्टमिन्स्टर ब्रिज १७५० मध्ये खुला झाला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सर्व्हर कितीही मोठा घ्या, आत येणारी केबल एकच असेल तर काय उपयोग!

प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी हवा पावसाळी होती. बरीचशी दारू फुसकी निघाली आणि मंदिराच्या एका बाजूच्या मंडपाला चक्क आग लागली. ते बघून सेर्वांदोनीचं डोकं इतकं फिरलं की त्याने आतषबाजीच्या प्रमुखावर तलवार उपसली आणि त्याला अटक झाली. प्रोजेक्ट लाँचच्या दिवशी सिस्टीम कोसळल्यावर डिझाईन टीम आणि ऑपरेशन्स टीम एकमेकांकडे कशा बघतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको :-)

आता जरा आपल्या पुण्यात येऊ. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाच्या इतिहासावर इंग्रजीत एक सुंदर निबंध लिहिला आहे. त्यात त्यांनी पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग दिलाय. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन करून सांगतात. तिथला राजा गावाबाहेर दारूची लंका उभारतो. रावण, राक्षस, वानर, सगळे दारूचे. हनुमंताच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन लंका पेटवतो. हे ऐकून तरुण पेशव्याला मोह झाला नसता तरच नवल. मग तसाच खेळ पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी झाला आणि पेशवे, सरदार मंडळींनी तो पर्वतीवरून पाहिला. महादजी १७९२ मध्ये पुण्यात आले आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले, म्हणजे प्रसंग त्या दरम्यानचा असणार. बखर ही बखरच, त्यातला शब्दन् शब्द खरा मानायचं कारण नाही. पण जागेची निवड बघा! व्हर्सायमध्ये राजा रेषेच्या टोकाला बसतो आणि दारू समोर उडते. इथे राजा टेकडीवर आणि दारू खाली. पुढे कोणी उभं राहिलं तरी फरक पडत नाही. धूर मात्र वर येत असणार, तेव्हा वारा कुठून वाहतोय ते कोणीतरी नक्की बघितलं असेल. मी पर्वतीच्या पायऱ्या किती वेळा चढलो असेन, पण तिथून खाली अशी लंका जळताना बघायची कल्पना कधी डोक्यात आली नव्हती.

इथपर्यंत सगळं गमतीचं. यानंतरचा भाग वाचताना मला त्या रात्रीची आईची पकड आठवली.

३० मे १७७०, पॅरिस. राजपुत्र (पुढचा सोळावा लुई) आणि मारी आन्त्वानेत यांच्या लग्नानिमित्त पंधराव्या लुईच्या नावाच्या चौकात आतषबाजी होती. आज त्या चौकाला प्लास द ला कॉनकॉर्द म्हणतात. चौक ऐसपैस, दिसायला उत्तम. लोक हजारोंनी आले. गडबड झाली ती शो संपल्यावर. घरी जायला मोठा रस्ता म्हणजे र्यू रॉयाल. चौकातून बाहेर पडणारे त्यात घुसले, पलीकडच्या रस्त्यांवरची रोषणाई बघून चौकाकडे येणारे समोरून घुसले. मध्ये घोडागाड्या, अर्धवट बांधकामं, खड्डे. अधिकृत आकडा १३२ मृत. नवदांपत्याने आपल्या पैशातून मृतांच्या कुटुंबीयांना मदत पाठवली, पण पुढे क्रांतीनंतर लोकांना तो अपशकुनच वाटला.

आणि हे काही अठराव्या शतकापुरतं नाही. २१ जुलै २००१ ला जपानमधल्या आकाशी शहरात समुद्रकिनाऱ्यावर आतषबाजी होती. स्टेशन आणि किनारा यांच्यामध्ये पादचारी पूल. येणारे आणि जाणारे त्या एकाच पुलावर समोरासमोर आले. ११ जण गेले, त्यातली बहुतेक लहान मुलं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले तेव्हा तिथे आतषबाजी नव्हती, फक्त पाऊस आणि ऑफिसची वेळ होती. पण यंत्रणा तीच, अरुंद जिना आणि दोन्हीकडून माणसं. या सगळ्या ठिकाणी लोकांना मारलं ते दारूने नाही, वाटेने. आपण 'चांगली जागा' म्हणतो तेव्हा तिथून काय दिसतं एवढंच बघतो. तिथून बाहेर कसं पडता येतं हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

असो. आता थीम पार्ककडे वळू.

१५ ऑगस्ट १८४३ ला कोपनहेगनमध्ये तिवोली गार्डन्स उघडली, शहराच्या जुन्या तटबंदीच्या जागेवर. तिथलं तळं म्हणजे जुन्या खंदकाचाच तुकडा. संगीत, पाळणे, दिवे, आतषबाजी, असा सगळा मसाला होता. १९५१ मध्ये वॉल्ट डिस्नेने ती बाग पाहिली आणि तिच्यावर खूष झाला. चार वर्षांनी, १७ जुलै १९५५ ला, कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं.

डिस्नेलँडला एक व्यावहारिक अडचण होती. संध्याकाळ झाली की लोक घरी जायचे. त्यांना थांबवायला काहीतरी हवं, म्हणून १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात उन्हाळ्याच्या रात्री 'फँटसी इन द स्काय' ही आतषबाजी सुरू झाली. तिथला किल्ला अवघा ७७ फूट उंच, पण वरचे मजले खालच्यांपेक्षा लहान मापाचे बांधून तो मोठा भासवलाय. व्हर्सायच्या काळातल्या पडद्यांचीच युक्ती. फरक एवढाच की इथे राजाच्या खुर्चीऐवजी एक अख्खा रस्ता आहे, मेन स्ट्रीट. दरवाजातून आत शिरलेला प्रत्येक जण किल्ल्याच्या बरोबर समोर येतो. लांबून दिसून लोकांना आपल्याकडे ओढणाऱ्या अशा वास्तूला वॉल्ट 'वीनी' म्हणायचा, म्हणजे कुत्र्याला नाचवायला हातात धरलेलं सॉसेज. उपमा फारशी आदराची नाही, पण नेमकी आहे.

१९६१ मध्ये या आतषबाजीत टिंकर बेल आली. मॅटरहॉर्न हा १९५९ मध्ये बांधलेला १४७ फुटी नकली डोंगर. त्याच्या माथ्यावरून तारेवर लटकत रात्रीच्या आकाशातून एक परी यायची. ही परी कोण? टायनी क्लाइन, हंगेरीत जन्मलेली, सर्कशीत आयुष्य काढलेली बाई. तेव्हा वय वर्षं सत्तर! हे वाचून मी आईला लगेच सांगितलं. ती म्हणाली, "तिचे गुडघे कसे होते ते लिहिलंय का?"

फ्लोरिडातला मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडला. सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट, म्हणजे साधारण ५७ मीटर. आता जो हिशोब मी त्या दिवशी करायला हवा होता तो इथे करतो. किल्ल्यापासून ६० मीटरवर उभे राहिलात तर टोक बघायला मान ४३-४४ अंश वर करावी लागते. उदाहरणादाखल धरू की दारू किल्ल्याच्या ३०० मीटर मागून उडते. मग साध्या समरूप त्रिकोणांनी, टोकाच्या सरळ रेषेत दिसायला गोळा ३४० मीटर वर फुटायला हवा. तुम्ही २०० मीटरवर, मेन स्ट्रीटवर मागे सरकलात तर १४२ मीटर पुरतात. किल्ला वर निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं झाकलं जात नाही, पण मुद्दा तोच. पुढे जाल तितकं कमी दिसतं. नववीची भूमिती. मला तेव्हा चांगले मार्क होते हो.

आता तंत्रज्ञानाने जागा कशी बदलली ते बघा. जून २००४ मध्ये डिस्नेने जाहीर केलं की डिस्नेलँडमध्ये गोळे उडवायला काळ्या दारूऐवजी दाबलेली हवा वापरणार. त्यामुळे जमिनीलगतचा धूर आणि आवाज कमी झाला, उंची आणि वेळ जास्त अचूक झाली. वाऱ्याची दिशा बघून उभं राहायची गरज थोडी कमी झाली (संपली नाही). पण मोठा बदल २०११चा. त्या जानेवारीत मॅजिक किंगडममध्ये किल्ल्याच्या भिंतीवर चित्रं प्रक्षेपित करणारा शो सुरू झाला, आणि पुढे ही चित्रं आतषबाजीचाच भाग बनली. २०१७च्या 'हॅपिली एव्हर आफ्टर'मध्ये तर अर्धी गोष्ट भिंतीवरच घडते. १ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या 'एन्चांटमेंट'ने मेन स्ट्रीटच्या इमारतींवरही चित्रं आणली. एप्रिल २०२३ मध्ये 'हॅपिली एव्हर आफ्टर' परत आला.

याचा अर्थ काय? आकाश सगळ्यांचं असतं, भिंत समोरच्यांची. दारू फक्त आकाशात फुटत होती तोवर पार्कच्या कुठल्याही कोपऱ्यातून बरंचसं दिसायचं. भिंत मध्ये आली आणि सगळ्यांना समोरच यावंसं वाटू लागलं. पार्कवाल्यांनाही हे कळतं. २०१४-१५ मध्ये हबची फेररचना करून हिरवळी आणि वाटा वाढवल्या त्या यासाठीच. शिवाय मिठाई खात बसून बघायला वेगळं तिकीट असलेली गच्ची आहेच. ग्रीन पार्कातला सज्जाच तो, फक्त सरदार व्हायला आता क्रेडिट कार्ड पुरतं.

याच्या अगदी उलट एपकॉट. तिथे १९९९ पासून ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत 'इल्युमिनेशन्स: रिफ्लेक्शन्स ऑफ अर्थ' चालला आणि डिसेंबर २०२३ पासून 'ल्युमिनस' चालू आहे. दारू तळ्याच्या मधोमध तराफ्यांवर आणि लोक काठाने, मैलाहून लांब वाटेवर पसरलेले. पुढची रांग एकच, पण तीच मैलभर. लोड बॅलन्सिंग यालाच म्हणतात. वारा पाठीशी ठेवायचा आणि समोर झाड नाही ना तेवढं बघायचं. तिवोलीचा खंदक काय, हे तळं काय, पाण्याभोवतीची गर्दी आपोआप पातळ होते.

तर साडेतीनशे वर्षांच्या वाचनातून मला मिळालेले धडे असे. उजेड असतानाच मान वर करून झाडं आणि दिव्यांचे खांब मोजून घ्या. किल्ला हवा असेल तर मागे सरका. मेन स्ट्रीटच्या टोकाला रेल्वे स्टेशनचा वरचा मजला आहे, तिथे उंचीही मिळते आणि दरवाजाही जवळ. वारा तोंडावर येत असेल तर बाजू बदला. आणि सगळ्यात आधी, बाहेरची वाट कुठली ते ठरवा. बरोबर म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर शो संपल्यावर लगेच निघू नका. अर्धा तास बसा, काहीतरी खा. चौक रिकामा होतोच.

आता शेवटचं. ते झाड बघून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने स्पष्ट सांगितलं, "तुम्ही जा, मी येत नाही." मग मीही गेलो नाही. बायको आणि मुलगा आत गेले. आम्ही दोघं बाहेर, फेरी बोटीच्या धक्क्याजवळ, तळ्याच्या अलीकडे बसलो. किल्ला मैलभर लांब, करंगळीच्या नखाएवढा. भिंतीवरची चित्रं दिसणं शक्यच नव्हतं. पण आकाश पूर्ण मोकळं, खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आणि आईच्या पुढे कोणीही नाही.

पहिलं फूल उमललं आणि आवाजच आला नाही. आईने सवयीने मोजायला सुरुवात केली. लहानपणी कोकणात वीज चमकली की ती आम्हाला मोजायला लावायची, गडगडाट येईपर्यंत. "एक, दोन, तीन, चार, पाच," आणि धप्प! आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे बरोबर मैलभर. मग पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघांनी तेच केलं. शेवटी सगळं आकाश एकदम पेटलं, विझलं, अंधार झाला आणि त्यानंतर सगळा गडगडाट एकत्र चालत आला. आई टाळ्या वाजवत होती. उठून उभं राहावं लागलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "काल पुढे बसून आपल्याला जास्त काय मिळालं रे?" उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. रुमाल मात्र हल्ली खिशातच ठेवतो.